उबेची जागा

भिंतीशी लावलेल्या डब्यांत आपला डबा नाही, हे पिलनामला उंबऱ्यातच कळलं.

किमची, म्हणजे हिवाळ्यासाठीचं कोबीचं तिखट लोणचं, घालायच्या दिवशी या घरात डब्यांची जागा ठरलेली असे. थोरल्याचे, सुवोनला जाणारे डबे सगळ्यांत पुढे. त्यांच्या मागे लेकीचे, ग्वांगजूचे. मग नणंदेचा एक, कारण चुन्जा वन्सं एकट्या राहत असल्या तरी डबा मात्र भरल्या घराचा आणायच्या. आणि सगळ्यांत शेवटी खुद्द या घराचा, झाकणाला चीर गेलेला, निळ्या सुतळीनं बांधलेला. आज सुवोनचे डबे छातीइतके उंच रचले होते आणि निळ्या सुतळीचा कुठे पत्ता नव्हता. स्वयंपाकघराचं दार उघडं होतं. आतल्या फ्रिजची वायर कुणीतरी नीट गुंडाळून त्याच्या डोक्यावर ठेवली होती.

पिलनामनं काठी उंबऱ्याच्या आत टेकली, पाठोपाठ एक पाय, मग दुसरा. कालच तिची व्यायामाच्या इस्पितळातून सुटका झाली होती आणि आज सकाळी यॉन्सिलनं, तिच्या लेकीनं, तिला गाडीत घालून गावी, हेनामला आणलं होतं. गेली तेव्हा शेतातल्या कोबीला गड्डेही धरले नव्हते. आता तोच कोबी चिरून, खारवून, धुऊन अंगणात निथळत होता आणि त्यातलं एकही पान तिच्या हाताखालून गेलं नव्हतं. याचंच तिला सकाळपासून वाईट वाटत होतं. डबे बघितल्यावर ते वाईट वाटणं कुठल्या कुठे गेलं आणि त्याच्या जागी भीती आली.

म्हणजे ही पोरं आपल्याला घरी आणत नाहीयेत. घर बंद करायला आणतायत.

तिच्या गुडघ्यांचं काय झालं होतं ते गावात कुणाला सांगायला नको. तिच्या वयाच्या सगळ्याच बायकांचं होतं तेच. लग्न होऊन आली त्या दिवसापासून कमरेला गोल गादी बांधायची आणि कोबीच्या वाफ्यात उकिडवं बसायचं. लावणीला बसायचं, तण काढायला बसायचं, काढणीला बसायचं. घरी येऊन फरशी पुसायलाही उकिडवंच. शेवटी शेवटी गुडघे असे वाकडे झाले की ती नातवाची जुनी बाबागाडी ढकलत, तिच्या आधारानं बाजाराला जायची आणि परत येताना तिच्यात मुळे घालून आणायची. मग आधी उजवा गुडघा बदलला आणि तो जरा सावरतोय तोवर डावा.

ऑपरेशनचं काही नाही, तेव्हा माणूस झोपलेलं असतं. खरी गंमत नंतर. व्यायाम घ्यायला एक किडकिडीत पोरगी यायची आणि नवा गुडघा धरून असा वाकवायची की खोलीतल्या सगळ्या बायका आपापली पांघरुणं तोंडावर ओढून घ्यायच्या. यॉसू शहरची एक धिप्पाड बाई देवाचा धावा करायची. पिलनामचा देवाशी तेवढा घरोबा नव्हता. ती नवऱ्याच्या सात पिढ्यांचा नाव घेऊन उद्धार करायची, आणि एखादं नाव आठवलं नाही तर पोरीला म्हणायची, थांब जरा, एक सासरा राहिलाय. पोरगी हसायची, पण हात सैल सोडायची नाही.

त्याच पोरीच्या ती मागे लागली होती, मला जमिनीवरून उठायला शिकव. पोरगी म्हणाली, मावशी, तुम्ही जमिनीवर बसायचंच नाही आता. खुर्ची, पलंग, बस. पिलनाम म्हणाली, माझं घर जमिनीवर आहे, पोरी, तिथं खुर्चीला कोण विचारतं. रोजच्या या कटकटीला कंटाळून पोरीनं जाड सतरंजी घातली, शेजारी एक जड खुर्ची ठेवली आणि शिकवलं. खुर्ची धरून पिलनामला उठता येऊ लागलं. खुर्चीशिवाय मात्र एकदाही जमलं नव्हतं, आणि हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

बाहेरच्या मोठ्या खोलीत जमिनीवर निळी ताडपत्री अंथरली होती. मधोमध लाल घमेलं. त्यात मिरान, थोरल्याची बायको, कोपरापर्यंत गुलाबी हातमोजे चढवून तिखट, लसूण, मुळ्याचा कीस आणि तांदळाची पेज कालवत होती. आणि पलीकडे, चुलीच्या अंगाला, जिथली जमीन, खालून फिरणाऱ्या चुलीच्या धुरानं, पूर्वी सगळ्यांत गरम असायची तिथं चुन्जा वन्सं मांडी ठोकून बसल्या होत्या.

घरात जमिनीखालून गरम पाणी फिरवणारा बॉयलर येऊन किती वर्षं झाली. आता सगळी जमीन सारखीच तापते. पण मानाची जागा तीच. घरातलं सगळ्यांत थोर माणूस तिथं बसतं आणि बाकीचे वयानुसार गारठ्याकडे सरकतात. सासू गेल्यापासून किमचीच्या दिवशी तिथं चुन्जा वन्संच बसायच्या, कारण त्या पिलनामच्या नवऱ्याच्या थोरल्या बहीण. लग्न होऊन दोन गल्ल्या पलीकडे गेल्या, विधवा झाल्या, पण या घरावरचा हात काही त्यांनी काढला नाही. तिथं बसून त्या मीठ कमी आहे म्हणायच्या, जवळा जास्त झाला म्हणायच्या, आणि पिलनाम मूग गिळून खाली मान घालून कोबी भरायची. सगळा जन्म असा गेला.

आणि आज त्याच चुन्जा वन्संनी स्वतः जरा बाजूला सरकून शेजारच्या जमिनीवर हात थोपटला.

"पिलनाम, ये. इथं बस माझ्याजवळ."

मिरानचा घमेल्यातला हात थांबला. "आत्या, आईंना डॉक्टरांनी खाली बसायचं नाही म्हणून सांगितलंय. मी खुर्ची आणते."

चुन्जा वन्संनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आजारातून उठलेल्या माणसाला उबेला बसवायचं नाही तर काय खुंटीला टांगायचं, असं त्यांनी छताला विचारलं. आणि किमची घालताना घरची धनीण खुर्चीत बसून पोरांच्या टाळूकडे बघत राहिली, असं या गावात कुणाच्या घरी झालंय का, हेही.

पिलनामला डॉक्टरांचं बोलणं पाठ होतं. पण या बाईनं जन्मात कधी तिला ती जागा देऊ केली नव्हती. बाळंतपणात नाही, नवरा गेला त्या दिवशीही नाही. मोठ्या नणंदेनं आपल्या उबेतली अर्धी ऊब काढून दिली आणि भावजयीनं खुर्ची मागितली, हे ती उद्या कुठल्या तोंडानं आठवणार होती? तिनं काठी दाराशेजारी भिंतीला लावली, भिंत धरत पलीकडे गेली, पाठ टेकवली आणि हळूहळू घसरत, पाय सरळ पसरून खाली बसली.

आणि काय सांगावं! जमिनीची ऊब मांड्यांतून वर चढली तसे तिचे डोळेच भरून आले. इतके दिवस लोखंडी पलंगावर, पाय अधांतरी. गरम पाण्याच्या पिशव्या दिल्या, पांघरुणं दिली, पण ही ऊब कुणाला देता आली नव्हती. आपण आपल्या घरी आहोत हे तिला तेव्हा पटलं. जवळा जास्त झाला, असं चुन्जा वन्सं म्हणाल्या, आणि तेसुद्धा तिला गोड वाटलं.

एवढ्यात मागच्या दारातून सांग्यू निथळलेल्या कोबीचं टोपलं घेऊन आत आला. थोरला मुलगा. सुवोनच्या शाळेत उपमुख्याध्यापक, केस पांढरे व्हायला लागलेले, पण आईसमोर आला की अजून खांदे पाडून उभा राहायचा. त्यानं आईला खाली बसलेली पाहिलं आणि टोपलं जिथं होतं तिथंच ठेवलं.

"आई, तुला खाली कुणी बसवलं?"

"मी बसले."

"ऊठ बरं. थांब, मी धरतो."

"राहू दे," पिलनाम म्हणाली. "आधी सांग, माझा डबा कुठाय?"

सांग्यूनं बायकोकडे पाहिलं. मिराननं घमेल्यात पाहिलं. यॉन्सिल पातीचा कांदा घेऊन स्वयंपाकघरातून येत होती, ती दारातच थबकली. तेव्हा पिलनामच म्हणाली, की फ्रिजची वायर मी बघितलीय, तेव्हा आता लपवाछपवी नको, काय ते तोंडानं सांगा.

सांग्यू तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला. मोठ्या माणसाशी नाजूक बोलायचं म्हणजे असंच बसायचं, हे तिनंच त्याला शिकवलेलं. जेवणानंतर सांगणार होतो, तो म्हणाला. सुवोनच्या घरी खोली तयार आहे, उन्हाची. चांगला पलंग घेतलाय. खाली बाग आहे, लिफ्ट आहे, समोरच्या रस्त्याला गुडघ्याचे डॉक्टर आहेत. हे घर विकायचं नाही, फक्त बंद ठेवायचं. सणाला येऊच की आपण.

"आणि हे कुणी ठरवलं?"

"आम्ही सगळ्यांनी."

पिलनामनं लेकीकडे पाहिलं. यॉन्सिलचं ग्वांगजूला भाजी-लोणच्यांचं दुकान होतं. बोलायला ती कुणाला हार जायची नाही. गेल्या खेपेला जमिनीचे हिस्से करायची गोष्ट निघाली तेव्हा आईच्या बाजूनं ती एकटी भांडली होती.

"मीही हो म्हटलं, आई," यॉन्सिल म्हणाली आणि कांद्याची जुडी छातीशी धरून तशीच उभी राहिली.

हे लागलं. मुलाचं बोलणं पिलनामला अपेक्षित होतं, लेकीचं नव्हतं. चुन्जा वन्संनी वरून मीठ चोळलं. योग्यच आहे, त्या म्हणाल्या. नवऱ्यामागे बाईनं थोरल्या मुलाच्या घरी राहावं. लोकांच्या सुना सासूला दारात उभं करत नाहीत, हिची सून पलंग घेतेय, आणि हिला अजून नखरे.

"मी जाणार नाही," पिलनाम म्हणाली.

मग सांग्यूचा आवाज चढला. आईसमोर आवाज चढवणारा मुलगा नव्हता तो. बाबा गोठ्यात पाय घसरून पडले, तो म्हणाला, तेव्हा तू शेतात होतीस. दुपारी घरी येईपर्यंत ते तिथंच पडून होते. हाक मारत असतील, आई. कुणाला ऐकू गेलं? मला शाळेत फोन आला तेव्हा मी मुलांना कविता शिकवत होतो. त्या दिवसापासून गावाकडचा फोन वाजला की माझे हात गार पडतात.

"तू इथं पडलीस तर तुला कोण उठवणार? सांग ना. आत्ता बसलीयस ना खाली? ऊठ बघू एकटी. कुणाचा हात न धरता उठून दाखव. उठलीस तर मी पुन्हा हा विषय काढणार नाही."

बोलून गेला आणि त्याचं त्यालाच कसंतरी झालं. पिलनामला ते दिसलं. पण तिला हेही दिसलं की पोरगं खोटं बोलत नव्हतं. तिच्या नवऱ्याचा गोठ्यातला हात आजही तिच्या स्वप्नात यायचा. प्रश्न बरोबरच होता. 

"ठीक आहे," ती म्हणाली. "सरक बाजूला."

तिनं आजूबाजूला पाहिलं. काठी लांब भिंतीशी. खोली किमचीसाठी मोकळी केलेली, कपाटसुद्धा आत ढकललेलं. हाताशी होतं ते फक्त एक बुटकं जेवणाचं टेबल, त्यावर खारवलेल्या जवळ्याचा वाडगा. तिनं टेबलाची कड धरली, कुशीवर वळली आणि जोर केला. ते टेबल कसलं, दोन बोटांनी उचलावं असं हलकं. ते कलंडलं, वाडगा घरंगळला, जवळा ताडपत्रीभर झाला आणि पिलनाम धपकन आपल्या जागेवर परत बसली. डाव्या गुडघ्यातून अशी कळ गेली की डोळ्यांपुढे अंधारी आली.

सांग्यू धावला. त्यानं तिच्या काखेत हात घातलेसुद्धा.

"हात लावू नकोस."

"आई, पुरे. मी उगाच बोललो. पाया पडतो तुझ्या."

"नंतर पड. आधी हात काढ."

त्यानं हात काढले. चुन्जा वन्सं, जवळा वाया गेला, असं पुटपुटल्या, पण त्यांच्या आवाजात नेहमीची धार नव्हती. पिलनाम धापा टाकत बसली. गुडघा टेकवायला हवा, हे तिला कळत होतं. कुशीवर वळायचं, हात टेकायचे, गुडघ्यावर यायचं आणि मग चांगला पाय पुढे टाकायचा. पण या कडक जमिनीवर नवा गुडघा नुसता टेकवायचा म्हटलं तरी जीव जायचा. इस्पितळात सतरंजी होती, खुर्ची होती. इथं काही नव्हतं. आणि तिच्या मनात पहिल्यांदाच आलं की बहुतेक जावं लागणार सुवोनला.

तेव्हा मिरान उठली. तिनं हातमोजे काढून घमेल्याच्या काठावर ठेवले, दारामागच्या खिळ्यापाशी गेली आणि तिथं लटकलेली शेतातली गोल गादी काढून आणली. फुलाफुलांचं कापड, मातीनं तांबूस झालेलं, पट्टे विटलेले. सासूच्या गुडघ्याशेजारी तिनं ती ठेवली आणि परत आपल्या जागी जाऊन बसली.

"मिरान, ही मदत झाली," सांग्यू म्हणाला.

"गादी याच घरातली आहे. आई एकट्या असतील तेव्हाही दारामागेच असेल." मग घमेल्याकडे बघत, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशी ती म्हणाली, "इस्पितळात त्यांच्याजवळ मी राहिलेय, तुम्ही नाही. त्या रडल्या ना, त्या या घरासाठी रडल्या, सुवोनला यायचंय म्हणून नाही. लोक म्हणतील, सुनेला सासू नकोय. म्हणू देत. सुवोनच्या त्या खोलीचे पडदे शिवले तेव्हाही मला माहीत होतं की हे चुकतंय."

या सुनेनं लग्न झाल्यापासून सासूच्या देखत नवऱ्याला उलटून उत्तर दिलं नव्हतं. पिलनाम तिच्याकडे बघतच राहिली. आपण हिला मुकी समजत होतो, असं तिला वाटलं, आणि जरा लाजही वाटली.

तिनं गादी ओढून घेतली. उजव्या कुशीवर वळली. दोन्ही तळहात जमिनीवर टेकले, जवळ्याच्या खारात, आणि बोटं पसरली. गादी डाव्या गुडघ्याखाली सरकवली आणि हळूच भार दिला. दुखलं. पण जीव गेला नाही. सगळा जन्म हीच गादी बुडाखाली बांधून तिनं गुडघे झिजवले होते, त्या मेलीनं आज तरी परतफेड करावी, असं ती मनात म्हणाली.

मग उजवा पाय. तो पुढे आणायचा आणि तळवा जमिनीवर ठेवायचा. पाय अर्ध्यात अडकला. तिनं हातानं घोटा धरून तो पुढे ओढला. दोन्ही हात उजव्या मांडीवर ठेवले. इथं खुर्ची असायची. खुर्ची नव्हती.

"सासऱ्या मेल्या," पिलनाम मोठ्यानं म्हणाली, "आणि त्याच्या बापा, आणि त्याच्या बापाच्या बापा," आणि मांडीवर जोर दिला.

ढुंगण आधी वर आलं. ते दृश्य काही शोभेचं नव्हतं. ती वाकडी, थरथरत, तोंड जमिनीकडे, केस डोळ्यांवर. डावा पाय घसरायला लागला तशी यॉन्सिल पुढे झेपावली आणि सांग्यूनंच तिला दंडाला धरून थांबवलं. पिलनामनं पाय पुन्हा रोवला. हात मांडीवरून वर, आणखी वर, कमरेपर्यंत. पाठ सरळ झाली. आणि मग ती उभी होती. काठीशिवाय, कुणाला न धरता, दोन पायांवर, आणि ते दोन्ही पाय सरळ. वाकड्या गुडघ्यांनी तिची उंची कधी खाऊन टाकली होती हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं. मिरानही उठून उभी राहिली होती, तिच्यापेक्षा ती बोटभर उंच निघाली.

यॉन्सिल ढसाढसा रडायला लागली आणि कांद्याची जुडी काही सोडेना. पिलनामला हसू आलं. तिला इतका आनंद झाला होता की हात कुठे ठेवावे ते कळेना. तिनं ते कोटाला पुसले.

"आता माझा डबा," ती म्हणाली.

सांग्यू वळला. मागच्या दारानं बाहेर गेला. बराच वेळ आला नाही. गोठ्याशेजारच्या खोलीत काहीतरी उचकल्याचा आवाज येत होता, आणि एकदा नाक शिंकरल्याचा. आला तेव्हा त्याच्या हातात निळ्या सुतळीचा डबा होता. त्यानं तो धुतला, पुसला आणि ओळीत शेवटी न ठेवता सगळ्यांच्या पुढे ठेवला. मग स्वयंपाकघरात गेला, आणि थोड्या वेळानं फ्रिज घुमायला लागला.

पुढचं काम भराभर झालं. यॉन्सिलनं गाडीतून दुकानाचं घडीचं उंच टेबल काढलं, घमेलं त्यावर चढवलं, आणि या घरात पहिल्यांदा किमची उभ्यानं घातली गेली. पिलनाम मधोमध उभी होती. कोबीचं एकेक पान उचलून ती मसाला आतपर्यंत चोपडायची, बाहेरचं मोठं पान सगळ्याभोवती गुंडाळून गड्डा डब्यात बसवायची, आणि पोरांच्या हातांवर चापट मारून सांगायची, पानाच्या देठाशी, शेंड्याला नाही. चुन्जा वन्सं उबेच्या जागेवरूनच मीठ कमी म्हणाल्या. पिलनामनं एक पान तोंडात टाकलं आणि म्हणाली, मीठ बरोबर आहे, वन्सं. इतक्या वर्षांत असं उत्तर या घरात कुणी त्यांना दिलं नव्हतं.

मुलाशी सौदाही तिथंच झाला. शेत शेजाऱ्याला कसायला द्यायचं, हे तिनं कबूल केलं. सकाळ-संध्याकाळ फोन करायचा, हेही. पलंगाचं म्हणशील तर पलंग मला हवाय, ती म्हणाली, फक्त तो सुवोनहून इथं आण. सांग्यू म्हणाला, आणि पडदे? मिरान म्हणाली, पडदेही आणते, तिकडच्या खिडकीच्या मापानं शिवले होते तरी चालतील. उकडलेलं डुकराचं मटण कापून झालं तेव्हा पिलनामनं पहिला तुकडा ताज्या किमचीच्या पानात गुंडाळला आणि केस पांढरे झालेल्या मुलाला तोंड उघडायला लावून भरवला. दुसरा सुनेला. यॉन्सिल म्हणाली, मला? तिला म्हणाली, तू हो म्हटलं होतंस ना, तू तुझ्या हातानं खा. मग तिलाही भरवला, चांगला मोठा.

उन्हं कलली तसे सगळे डबे गाडीत चढवायला बाहेर गेले. खोलीत चुन्जा वन्सं उरल्या. त्यांचा डबा भरून दारात ठेवलेला होता. पिलनाम म्हणाली, चला वन्सं, सांग्यू तुम्हाला गाडीतून घरी सोडेल.

"तू हो पुढे. मी येते."

पिलनाम दारापर्यंत गेली आणि थांबली. तिला एकदम दिवसभराचं सगळं आठवलं. पाणी मागवलं होतं ते बसूनच. ताट पुढ्यात आणून दिलेलं. मिठाची चव बघायलासुद्धा या बाई घमेल्यापर्यंत आल्या नव्हत्या, पान तिकडे मागवून घेतलं होतं. ती वळून परत आली.

"कधीपासून?"

चुन्जा वन्संनी मान फिरवली. काय कधीपासून, असं विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग म्हणाल्या, "गेल्या थंडीच्याही आधीपासून. घरी दाराला दोरी बांधलीय. ती धरून उठते. इथं दोरी नाही."

"म्हणून मला शेजारी बसवलंत?"

"वाटलं, दोघी बसून राहिलो तर माझं कुणाच्या लक्षात येणार नाही." त्या जमिनीकडे बघत म्हणाल्या, "तू उठशील असं मला काय माहीत."

पिलनामला राग यायला हवा होता. शोधूनही तो सापडेना. तिनं पायानं गादी नणंदेच्या गुडघ्यापर्यंत सरकवली, काठी आपल्या दोन्ही पायांमध्ये रोवली आणि मोकळा हात पुढे केला. गुडघा हिच्यावर, ती म्हणाली. दुसरा पाय पुढे. आणि ओरडायचं, त्याशिवाय होत नाही. मी तुमच्या सात पिढ्यांना शिव्या घालायची.

"मी कुणाला घालू?"

"त्यांनाच घाला. तुमचेच तर आहेत, हक्कानं घालता येतील."

चुन्जा वन्संनी तिचा हात धरला. चांगला घट्ट. मग या घराच्या त्या थोरल्या लेकीनं उबेची जागा सोडता सोडता आपल्या सख्ख्या बापाला अशी एक कचकचीत शिवी हासडली की सांग्यू अंगणातून डबा टाकून धावत आला. दारात येऊन बघतो तर आई आणि आत्या एकमेकींचा हात धरून खोलीच्या मधोमध उभ्या होत्या, आणि त्याची आई आत्याला विचारत होती की इस्पितळात नाव कधी घालायचं, सोमवारी की मंगळवारी.